विषय: दारासमोरचा लाकडी डेक फुगून उखडला. आता फोन नाही, लेखी उत्तर हवं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या माणसाशी बोलणं झालं. पाच आठवड्यांतला तो सातवा फोन. यापुढे मी फोन करणार नाही.

डेक तुमचा, फिटरही तुमचेच. १४ बाय १० फूट, सागवानी फळ्या, १,८६,००० रुपये, सगळे भरलेले. एप्रिलच्या कडक उन्हात फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून ठोकल्या. आमच्या गल्लीतले सुतारकाका तेव्हाच म्हणाले, "पाच-सहा मिलिमीटर फट सोडा, पावसात लाकूड रुंदीला फुगतं." तुमचा फिटर म्हणाला, "कंपनीचं डिझाइन असंच आहे." जुलैत फळ्या मधोमध उचलल्या, चार ठिकाणी स्क्रूसकट उपटून आल्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे ठरले होते, बसवले साधे लोखंडी. आता प्रत्येक स्क्रूभोवती रुपयाएवढा काळा डाग आहे. सात फळ्यांच्या कडा सालीकडच्या पांढऱ्या लाकडाच्या निघाल्या, तिथे बुरशी धरली. हा तुमचा रोजचा धंदा आहे, मी काय समजावणार?

आता कालचं बोलणं. बारा मिनिटं फोन धरून ठेवला. मग बिल नंबर विचारला, सातव्यांदा. फोटो मिळालेच नाहीत म्हणाला. मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसताहेत, उघडून बघा. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "काका, साताऱ्यात पाऊस पडतो हे घेताना माहीत नव्हतं का?"

मी जन्मापासून साताऱ्यात आहे. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले की अंगणातले कपडे काढायचे, हे आमच्याकडे पोरांनाही कळतं. म्हणूनच दुकानात पहिला प्रश्न पावसाचा विचारला होता. तुमच्या कॅटलॉगात "बाहेरच्या वापरासाठी" असं छापलंय. ते मी त्याला वाचून दाखवलं. त्यावर उत्तर आलं, "मग वर पत्रा टाकून घ्या." मागे कुणीतरी हसलं. मला स्पष्ट ऐकू आलं. माझं वय ५८. पैसे मोजून असं हसं करून घ्यायची मला सवय नाही.

हा डेक हौसेसाठी नव्हता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. उंबऱ्याबरोबर सपाट जागा झाली की तीन पायऱ्या वाचतील, म्हणून केला. मे महिन्यात ती तिथे बसून गहू निवडायची. आता उचललेल्या फळीला अडून जाळीचं दार हातभरही उघडत नाही. ती मागच्या दाराने, मोरीजवळच्या ओल्या फरशीवरून बाहेर पडते. एकदा घसरताना भिंत धरली म्हणून वाचली. आणि हे सगळं एका फटीपायी, जी सोडा म्हणून तुमच्या फिटरला तोंडावर सांगितलं होतं.

तुमच्या कंपनीचं नाव मी चार घरी सांगितलं होतं. त्याची आता लाज वाटते.

पंधरा दिवसांत सगळ्या फळ्या काढून, गाभ्याच्या लाकडाच्या, फट सोडून, स्टेनलेस स्क्रूने बसवून द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही. बिल, फोटो, कॉलच्या तारखा, सगळं फाइलला लावून ठेवलंय.

या पत्राची पोच लेखी द्यावी.

एक ग्राहक
गोडोली, सातारा