काका, तुमची 32 ची आयपीस परत करतेय

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे, गार होतोय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

2025 च्या नोव्हेंबरात मी दुर्बीण खोक्यात भरूनच तुमच्या दारात आले होते. 70 मिलिमीटर भिंगाची, 700 मिलिमीटर नाभीय अंतराची, खोक्यावर ठसठशीत '525 पट'. आदल्या रात्री शनी लावला तर कडीच नाहीत! पिवळट ठिपका आणि त्याला आरपार टोचलेली सुई. आयपीस, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावतो ती भिंगांची छोटी नळी; त्याच भिकार आहेत, अशी माझी खात्रीच झाली होती. पाच आयपीस आणि रंगीत फिल्टरवाली ॲल्युमिनियमची पेटी मी मागवणारच होते.

तुम्ही आधी पोटभर हसलात. मग म्हणालात, कडी जाग्यावरच आहेत, यंदा आपल्याला काठावरून दिसतायत. मार्चमध्ये पृथ्वी त्यांच्या पातळीतून गेली, आणि नोव्हेंबरात कल पुन्हा अर्ध्या अंशाच्या खाली आला होता. "2032 च्या सुमाराला बघ, चांगली फाकतील. तोवर दुर्बिणीवर राग काढू नकोस."

पण माझ्या आयपीसही भिकार होत्याच, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी उन्हात दाखवलंत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालात तरी व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) खिशात असतो तुमच्या! आधी आयपीसची नळी मोजलीत: 31.7 मिलिमीटर. "सव्वा इंची आहे, बरं झालं. बारक्या नळीची असती तर पुढे काही मिळालं नसतं." मग सूर्याकडे पाठ करून दुर्बीण मोकळ्या आभाळाकडे रोखलीत, 20 ची आयपीस (हा आकडा तिच्या नाभीय अंतराचा, मिलिमीटरमध्ये; 700 ला त्यानं भागलं की किती पट ते कळतं) लावलीत आणि तिच्यामागे बटरपेपरचा तुकडा धरलात. कागदावर उजेडाची एक गोल टिकली उमटली. दोन मिलिमीटर भरली. डोळ्यात जातो तो एवढाच प्रकाश, म्हणालात. नंतर 4 ची आयपीस आणि तिप्पट करणारी बार्लो लावलीत. टिकली दिसेचना. 70 भागिले 525, म्हणजे 0.13 मिलिमीटर. केसाहून जरा जाड! खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, निरुपयोगी होता. कामाची मर्यादा भिंगाच्या मिलिमीटरची दुप्पट, म्हणजे माझ्या दुर्बिणीला 140 पट, तीही हवा स्थिर असेल त्या रात्री. हे गणित मी वाचलं असतं तर विसरले असते. तो बटरपेपर विसरत नाही.

पेटी रद्द केली. "पायात चप्पल एकच जोड मावतो, कपाटात कितीही ठेव." त्या संध्याकाळी तुम्ही तुमची 32 ची प्लोस्ल जातीची आयपीस माझ्या हातात ठेवलीत आणि महिनाभर दुसरी काही लावायची नाही असा दम दिलात. व्हिएन्नाच्या प्लोस्लनं ही रचना 1860 मध्ये केली हेही तेव्हाच कळलं. फक्त 22 पट, मी मनातून खट्टू झाले होते, खरं सांगते. मग कृत्तिका लावल्या. अख्खा झुबका एका खिडकीत, कडेला काळं आभाळ शिल्लक. चार चंद्र ओळीनं मावतील एवढी ती खिडकी! मृगाच्या तलवारीतला तेजोमेघाचा धूसर पंखही तिच्यातच पहिल्यांदा दिसला.

आणि चष्मा. यासाठी तर खरे आभार. माझे तारे लांबट दिसायचे, मी भिंगाला दोष देत होते. तुम्ही म्हणालात, "मान तिरकी कर. रेघ तुझ्याबरोबर फिरते का?" फिरली. म्हणजे दोष दुर्बिणीचा नाही, माझ्या सिलिंड्रिकल नंबरचा. 32 ला टिकली मोठी, बुबुळाचा बराच भाग कामाला लागतो, म्हणून चष्मा हवा. आणि तिच्यात डोळा दोन सेंटिमीटर लांब ठेवूनही सगळं दिसतं, त्यामुळे चष्मा मावतो. 4 च्या आयपीसला तर पापण्या भिंगाला घासायच्या, काचेवर काजळ!

महिन्यानंतर मी एकच आयपीस घेतली, 9 ची, 66 अंशांच्या रुंद खिडकीची. 78 पट. टिकली 0.9, तिथे चष्मा काढला तरी तारा टाचणीच्या टोकासारखा. जानेवारीत गुरू पुनर्वसूच्या शेजारीच होता; त्याचे दोन पट्टे पाहून झाले की नळी जरा सरकवायची, तिथे पुनर्वसूतला कॅस्टर तारा, जवळजवळ चिकटलेले दोन ठिपके, पण दोन. आईला दाखवलं तर म्हणाली, "हे तर आपल्या कुड्यांसारखे."

6 ची कधी घ्यायची यावर आपलं अजून जमलेलं नाही. तुम्ही म्हणता आत्ता घे, 117 पट झेपेल. मला वाटतं, आमच्या गच्चीखालच्या पत्र्यांची तापलेली हवा आधी निवू दे, ती रात्री अकरापर्यंत तारे नाचवते. या बाबतीत मी बरोबर आहे, एकदा येऊन बघा.

आता माझी स्वतःची 32 आली. तुमची रविवारी आणून देते. वरचं टोपण गच्चीवरून गटारात गेलं. त्याजागी खोकल्याच्या औषधाचं झाकण बसवलंय, धुऊन. घट्ट बसतं, व्हर्नियर लावून बघा हवं तर.

तुमची,
समोरच्या गच्चीवरची