रोज ५० मिनिटं उशिरा

आई, बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की तुझं काही टाइमटेबल आहे की नाही, रविवारी सव्वातीनला फोन, सोमवारी चार वाजून गेल्यावर आणि आज थेट पाच. बाबा रागाने नाही बोलले हे कळलं मला, पण मागून आईचा आवाज आला की अगं हल्ली मी मोबाइल हातात धरूनच घरभर फिरते, आणि ते ऐकून रात्री मला झोपच लागेना. म्हणून आज नीट लिहून पाठवतेय. टाइमटेबल आहे, फक्त ते पाण्याचं आहे.

ओहोटीला होडी धक्क्याजवळ चिखलात बसते, दोन-अडीच तास कुठेच हलता येत नाही, तीच माझी मोकळी वेळ आणि तेव्हाच मी फोन लावते. आता ही ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कारण पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईस्तोवर चंद्रही थोडा पुढे गेलेला असतो आणि त्याच्यासमोर यायला पृथ्वीला अजून तेवढा वेळ फिरावं लागतं. म्हणजे माझा दिवस २४ तास ५० मिनिटांचा, त्यात दोन भरत्या, दोन ओहोट्या. बाबा, तुम्ही हिशोबातले, मांडून बघा, ५० मिनिटं गुणिले १५ दिवस केलं की साडेबारा तास होतात, म्हणजे जवळपास एक अख्खी भरती-ओहोटी, त्यामुळे पंधरवड्याने ओहोटी परत पाचच्या आसपास येऊन बसते. आणि आईला तर एवढंही करायला नको, तिला तिथी तोंडपाठ असते. पौर्णिमा किंवा अमावस्या होऊन दोन दिवस झाले की इथली ओहोटी संध्याकाळी पाचची.

आता एक गोष्ट जी मी लपवली होती. गेल्या महिन्यात पौर्णिमेला माझा फोन रात्री नऊला आला आणि रेंज नव्हती असं सांगितलं, ते खोटं होतं. सकाळी नऊच्या भरतीला मी एकटीच होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले, नांगर टाकला आणि शिडाचा उसवलेला काठ शिवत बसले. तासाभराने बघितलं तर पाणी जेमतेम वीतभर उतरलेलं, म्हटलं भरपूर वेळ आहे. तिथेच चुकले. पाणी सारख्या चालीने उतरत नाही, सहा तासांतल्या पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक, असा जुना ठोकताळा आहे आणि मला तो पाठ होता, तरी शिवणाच्या नादात विसरले. त्यात पौर्णिमेचं उधाण, सूर्य-चंद्र एका रेषेत, दोघांची ओढ एकत्र, त्यामुळे पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. बाराला होडी टेकली आणि हळूहळू एका कुशीवर कलली.

साडेसहा तास तशीच बसले होते. घाबरले होते पहिला तासभर, नाही म्हणत नाही. पण धोका नव्हता, मऊ चिखल होता आणि प्यायचं पाणी होतं. मग आजूबाजूला लक्ष गेलं. उघडा पडलेला चिखल बोलतो गं आई, सगळीकडून बारीक टिक टिक टिक असा आवाज, खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे फुटत असतात त्याचा. चारनंतर पाणी परतलं ते लाट होऊन नाही, बोटभर रुंदीची एक धार, तोंडाशी फेस, एका वाळक्या पानाला ढकलत ढकलत माझ्या सुकाणूपर्यंत आली. साडेसहाला होडी सरळ झाली तेव्हा चंद्र उगवत होता. वारा पडलेला, मग वल्हं मारत आले. बाबा, आता ओरडू नका, त्या दिवसापासून नांगर टाकला की पहिल्यांदा उतरतं पाणी कधी टेकवेल याची वेळ लिहून ठेवते.

वाऱ्याचंही तसंच आहे. खारे वारे आणि मतलई वारे बाबांनी मला सहावीत घोकून घेतलेले, जमीन लवकर तापते, तापलेली हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा तिच्या जागी येते, रात्री सगळं उलटं. मार्क मिळाले पण कळलं इथे. डोळे मिटून तोंड हळूहळू फिरवायचं, दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा झाला की वारा बरोब्बर समोर. पहाटे मतलईवर बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत, जगभरात मच्छीमार कितीतरी पिढ्या हेच करत आलेत आणि मला त्या रांगेत उभं राहायला फार आवडतं. १९७६ मध्ये माऊ पियाइलुग नावाचा मायक्रोनेशियाचा नावाडी हवाईहून ताहितीला होडी घेऊन गेला, सुमारे ४ हजार किलोमीटर, होकायंत्रसुद्धा नाही, तारे आणि लाटांच्या हेलकाव्यावर दिशा ओळखत. मला अजून दोन दिशांच्या लाटा वेगळ्या करता येत नाहीत, पण एक ओळखीची वाटायला लागलीये.

आई, तुझी भीती वाऱ्याची आहे ना. ब्यूफर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची शून्य ते बारा अशी पट्टी केली, ती नुसतं पाणी बघून वापरता येते. पाण्यावर इकडेतिकडे एखाद-दुसरा पांढरा तुरा दिसला की तीन, पुष्कळ दिसायला लागले की चार. चार दिसलं की मी एकटी बाहेर जात नाही. सोबत कोणी असेल तर जाते, हेही सांगून टाकते, परत खोटं नको.

तर वेळा लिहून घ्या. आज पावणेसातच्या आत, उद्या साडेसात, शनिवारी आठ-वीस. रविवारी रात्रीचे नऊ वाजून जातील आणि बाबा तोवर झोपतात, म्हणून रविवारपासून सकाळच्या ओहोटीला करेन, पावणेनऊला, पुढे रोज ५० मिनिटं उशिरा. मधल्या वेळात आई, तू मोबाइल चार्जिंगला लाव आणि खुशाल बाहेर जाऊन ये.

तुमची लेक