शिळं आईचं

शिल्पे,

किती महिन्यांनी लिहितेय ते मोजू नकोस. तुझे दोन्ही व्हॉइस मेसेज ऐकले, उत्तर द्यायचं राहिलं आणि मग लाज वाटली म्हणून आणखी राहिलं. आमचं सगळ्यांचं बरं आहे, माझा गुडघा तसाच, सासूबाईंची शुगर गोळ्यांवर. पण परवा रात्री जे झालं ते तुलाच सांगायला हवं, बाकी कुणीही म्हणेल एवढं काय त्यात.

मला ऑफिसातून यायला उशीर झाला म्हणून सईनं ताटं वाढली. नऊ वर्षांची आहे, हौसेनं करते. बघते तर तिघांच्या ताटात गरम पोळी आणि ताजी दोडक्याची भाजी, आणि माझ्या ताटात कालच्या दोन पोळ्या, कडा वाळून वर वळलेल्या, शेजारी फ्रिजमधली थंडगार वांग्याची भाजी. म्हटलं, अगं हे काय? तर म्हणाली, "शिळं आईचं असतं ना." टोमणा नाही, राग नाही, मीठ पानात वर वाढतात हे जसं सांगावं तसं. मी जेवले गं, पण घास उतरत नव्हता.

आणि तिची काहीच चूक नाही. एप्रिलपासून ती हेच बघतेय. तेव्हा रात्रीचा भात ओट्यावरच राहिला होता, सकाळी मी त्याला फोडणी दिली आणि दुपारपर्यंत तिघांना उलट्या. डॉक्टर म्हणाले तांदळात बॅसिलस सेरियस म्हणून जंतू असतो, त्याचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की वाढतात आणि त्यांनी केलेलं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात काढून पटकन गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात तर तासाभरातच. मी आता अगदी तसंच करते. पण घरानं त्यातून एवढंच घेतलं की शिळं नको. टाकवत मला नाही, मग ओट्यापाशी उभी राहून मीच संपवते. थेट माझी आई. ती मागच्या दाराशी पाटावर बसून कालची भाकरी खायची आणि आपण हॉस्टेलच्या अकरा नंबरच्या खोलीत शपथ घेतली होती की असं आपण नाही करायचं, आठवतंय?

तुमच्याकडे बीडला असं कधीच नव्हतं. तुझ्या आजीनं, माईंनी, बहात्तरचा दुष्काळ काढलेला, मिलोच्या म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या लाल भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन पोरं जगवलेली, त्यामुळे तुकडासुद्धा टाकू द्यायच्या नाहीत. पण उरलेलं एकट्या खायच्याही नाहीत. त्याच मोठ्या लोखंडी कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, दाणे, कांदा, मग हातानं कुस्करलेली भाकरी, वर ताकाचा हबका आणि झाकण. बुडाशी खरपूस धरायचं त्यावरून तुझी आणि अण्णाची मारामारी. काकासुद्धा तेच खाऊन ऑफिसला जायचे. आणि त्याला कुस्करा म्हणतात बरं का, कुटके नाही! यावरून तू दोन दिवस अबोला धरलास आणि मी साखर घातली म्हणून तो डबा खिडकीत नेऊन ठेवलास. मांजरानं चाटून पुसून खाल्ला होता, म्हणजे माझंच बरोबर.

तर काल ठरवूनच केलं. वाटीभर वरण आणि पाच पोळ्या होत्या. वरणात पाणी, चिंच, गूळ, गोडा मसाला घालून चांगलं खळखळ उकळलं, पोळ्यांचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापून सोडले, दोनच मिनिटं, कच्ची कणीक नाही त्यामुळे जास्त ठेवलं की लगदा होतो. दोडक्याची भाजी भाजणीत मळून थालीपीठं लावली. पातेलं मधोमध ठेवलं आणि सगळ्यांना त्यातूनच वाढलं, मलाही. नितीननं विचारलं, कालचं आहे का? म्हटलं हो, फ्रिजमध्ये होतं, उकळलंय. तो चमचा धरून बसला. तेवढ्यात सासूबाईंनी वाटी पुढे केली आणि हळूच म्हणाल्या, "मला शिळं कुणी वाढायचं नाही गं, मीच घ्यायचे." एवढंच बोलल्या आणि तूप मागितलं. मग नितीनही जेवला. सईनं दोनदा घेतलं.

मला वाटलं झालं. पण आज सकाळी ओट्यावर एक पोळी उरली होती ती तिनं झाकून माझ्या डब्याशेजारी ठेवली. मी म्हटलं अर्धी तू घे, तर म्हणाली, "मला नको, तुझी आहे." सहा महिन्यांत शिकलीय ती, एका रात्रीत कसं जाईल. उद्या तिच्या घरी तीच ओट्यापाशी उभी राहून खाईल, हे डोक्यातून जात नाहीये.

तुझी बदली पक्की झाली का? जागा मिळाली? अण्णाच्या पोराला नववीत किती पडले ते कळव.

आणि काकूंना विचार, ताकाचा हबका किती, आणि झाकण किती वेळ. रविवारी सईच्या हातानं करायचेत. तू म्हणतेस तर कुटके म्हणेन.

तुझी,
मीनल