बाबा, यंदा दोरीला हात लावायचा नाही

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर पुराचा विषय काढला की बाबा 'हो हो, बघू' म्हणतात आणि आईचा नेमका तेव्हाच कुकर होतो, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. लांबलचक झालंय, पण शेजारच्या वहिनीकडून प्रिंट काढून घ्या आणि फ्रीजवर लावा.

चिपळूणला आपल्या आळीतल्या पोरांनी पुरात अडकलेल्यांना काढायला गट केलाय, दोऱ्या आणल्यात, ट्यूब आणल्यात, लाइफ जॅकेटसाठी वर्गणी काढलीये आणि त्या यादीत बाबांचं नाव आहे हे मला आईकडून नाही, चुलतभावाकडून कळलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण चालू होतं तेव्हाही तुम्ही मफलर गुंडाळून तिथे जाऊन बसायचात, आणि मग २०२२ च्या पावसाळ्याआधी वाशिष्ठीत आणि शिवनदीत पोकलेन उतरले तेव्हा रोज मला फोटो पाठवायचात, आज इतका गाळ निघाला बघ म्हणून. तर घरात बसून राहा असं मी म्हणणारच नाहीये. पण दोरी धरून पाण्यात उभं राहायचं काम तुमचं नाही बाबा. गुडघाभर पाणी असलं तरी ओढ असेल तर ते तरण्या माणसालाही पाडतं, आणि गढूळ पाण्यात खाली गटाराचं झाकण आहे की नाही हे कुणाला दिसत नाही. पोहता येतं हा मुद्दा तुम्ही काढणारच, पण गोवळकोटच्या धक्क्यावर लहानपणी पोहणं वेगळं आणि बाजारपेठेत सिलिंडर आणि मोटारसायकली वाहत येतायत त्यात उतरणं वेगळं.

त्यापेक्षा जे काम पोरांना जमणार नाही ते तुम्ही घ्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात सगळ्यात हाल कुणाचे झाले आठवा. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे. पाणी रात्री चढलं, वीज गेली, फोन लागेनात, आणि कुठल्या घरात कोण अडकलंय हेच बाहेरच्या लोकांना माहीत नव्हतं. बोट आली तरी ती नेणार कुठे? तर ती यादी तुम्ही करा. कोण एकटं राहतं, कोण अंथरुणावर आहे, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाची सून बाळंतीण आहे, कुणाला ऐकू कमी येतं (हाका मारून दार उघडणार नाहीत हे पोरांना कसं कळणार), आणि प्रत्येकाचा बाहेरगावी असलेला मुलगा किंवा मुलगी, त्यांचा नंबर. वाचन मंदिरात सकाळी पेपर वाचायला जी मंडळी येतात ना, त्यांच्यात बसलात तर दोन दिवसांत अर्ध्या गावाची माहिती निघेल, आणि तिथे पुराचं महत्त्व कुणाला पटवायला नको, २००५ आणि २०२१ दोन्ही वेळा तिथली पुस्तकं भिजलीयेत. यादी कागदावर करा, मोबाईलमध्ये ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक प्रत पोरांकडे आणि एक वरच्या मजल्यावरच्या काकांकडे द्या.

दुसरं, आपल्याकडे नुसता पाऊस बघून भागत नाही. पोफळीकडे घाटात किती पडतोय, कोळकेवाडी धरणातून पाणी किती येतंय आणि दाभोळच्या खाडीला भरती कधी आहे, ही तिन्ही एकत्र आली की पाणी बाजारात शिरतं. भरतीला वाशिष्ठीचं पाणी खाली सरकतच नाही, तुंबतं. २०२१ ला सुद्धा दोनच दिवसांवर गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाण. तेव्हा कॅलेंडरवर जुलै-ऑगस्टच्या पौर्णिमा-अमावास्यांच्या आजूबाजूला आत्ताच लाल पेनाने खुणा करून ठेवा, हे काम आईचं, कारण बाबा पेन शोधत बसतील. त्या दिवसांत रेड अलर्ट आला, म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पावसाचा अंदाज आला, की वाट बघायची नाही, उजेडात निघायचं. आत्याकडे डेरवणला मी बोलून ठेवलंय. आणि गाळ निघालाय आता काही होत नाही, असं चौकात कुणी म्हणालं तर त्यांना म्हणू दे, गाळ काढल्याने पाण्याला जागा झाली, पाऊस कमी झाला नाही.

निघायला जमलंच नाही तर आधी मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवायचा, आणि सरळ वर काकांकडे. सामान वाचवत बसायचं नाही. आई, हे तुला सांगतेय, मिक्सर आणि गोदरेजचं कपाट मरू दे. घराचे कागद, आधार, पासबुकं, बाबांच्या गोळ्या हे सगळं आत्तापासूनच एका डब्यात माळ्यावर असू दे. इन्सुलिनचं चालू पेन फ्रीजबाहेर किती दिवस चालतं ते डॉक्टरांना विचारून त्यावर लिहून ठेवा, कारण लाईट गेली की तू ते घेऊन बर्फ शोधत फिरशील. फोन लागत असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, आणि जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला १०७७.

पाणी ओसरल्यावरचं जास्त महत्त्वाचं आहे कारण तेव्हा सगळे बेफिकीर होतात. आई, तुझ्या टाचांना भेगा आहेत, अनवाणी चिखल काढायला लागू नकोस, लेप्टोचा ताप तिथूनच शिरतो. गमबूट आणलेत मी, पुढच्या खेपेला देते. चिखलातून फिरणं झालंच तर आरोग्य खात्याची माणसं गोळ्या वाटायला येतात त्यांना विचारून घ्या, स्वतःच्या मनाने नाही. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडल्याशिवाय ते पाणी प्यायचं नाही, उकळूनच. कपाटं हलवताना काठी आपटा, फुरसं आणि मण्यार कोरड्या जागेला येऊन बसतात. चावलंच तर करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाचं तर नावच काढू नका, तडक कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय.

आणि पंचनामे सुरू झाले की 'भरपाई मंजूर, ही फाइल उघडा' असे मेसेज येतात, ती एपीके फाइल उघडायची नाही. पंचनाम्याला माणूस घरी येतो, तो ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन. बाबा, हे तुमच्या पेपरवाल्या मंडळींनाही सांगा, निम्मे तरी मुलांपासून लपवतात.

मिरग आठवड्यावर आलाय, तेव्हा यादीचं रविवारपर्यंत कळवा. चुलतभावाला मी फोन करून सांगितलंय की बाबांना दोरीवर नाही, यादीवर घ्या, तो म्हणाला काका ऐकतील का. लोणचं एसटीने पाठवू नका, मागच्या वेळी अर्धं तेल पार्सलवाल्याच्या हातालाच लागलं, मी येईन तेव्हा घेऊन जाईन.

तुमची
ताई