‘मोफसल’ म्हणजे कंगाल नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘मोफसिलाइट’ (म्हणजे मोफसलात, मुख्य शहराबाहेर राहणारा) या शब्दावरचा लेख वाचून संताप आला. हा शब्द ‘मुफलिस’ म्हणजे कंगाल यावरून आला, असे लेखकाने बेधडक ठोकून दिले आहे. हे साफ चूक आहे. मूळ अरबी शब्द ‘मुफस्सल’, म्हणजे वेगळा केलेला, सुटा सुटा मांडलेला. आपले ‘तपशील’ आणि ‘फैसला’ त्याच धातूतले. ‘मुफलिस’चा धातूच निराळा. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात ‘सदर’ म्हणजे मुख्य ठाणे आणि ‘मोफसल’ म्हणजे बाहेरचा मुलूख. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये जिल्ह्यांसाठी मोफसल दिवाणी अदालती काढल्या आणि अपिलांसाठी कलकत्त्यात सदर दिवाणी अदालत. यात गरिबी आली कुठून?

मी जिल्हा न्यायालयात वकिली केली आहे. एकदा अपिलाच्या कामासाठी एका वृद्ध पक्षकाराला घेऊन मुंबईत एका बड्या वकिलांच्या चेंबरमध्ये गेलो होतो. वेळ आधी ठरलेली होती. कारकुनाने आत वर्दी दिली, “साहेब, मोफसलवाले आलेत.” आतून उत्तर आले, “बसू देत, त्यांना कसली घाई?” त्या माणसाची वडिलोपार्जित जमीन हातची जायची वेळ आली होती. दिवे लागेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो, परतीची एसटी चुकली. “वकीलसाहेब, मोफसल म्हणजे काय हो?” त्याने विचारले. “मुंबईबाहेरचे,” मी म्हणालो. तो अपमान मी आजही विसरलेलो नाही. आता तुमच्या लेखाने त्याच शब्दाला ‘कंगाल’ हा अर्थ चिकटवला.

हा शब्द अभिमानाने मिरवणारेही होते. सिडनीत जन्मलेल्या जॉन लँग या बॅरिस्टरने १८४५ मध्ये ‘मोफसिलाइट’ याच नावाचे वृत्तपत्र काढले. झाशी खालसा झाल्यावर १८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी कंपनीविरुद्धच्या आपल्या दाव्यासाठी त्यालाच बोलावून घेतले होते. मराठी दैनिकातल्या लेखात त्याचे नावही नसावे, याचे वाईट वाटते.

आणखी एक. आमच्याकडचा अंक लवकर छापला जातो, म्हणून रात्रीच्या बातम्या आम्हाला एक दिवस उशिरा मिळतात. चुकांच्या दुरुस्त्या तर फक्त शहर आवृत्तीत येतात. ही दुरुस्ती कृपया जिल्हा आवृत्तीतही छापावी, आणि पुरवणीच्याच पानावर.

आपला,
एक निवृत्त वकील, रत्नागिरी