परीक्षकांवरचा विनोद ही मळमळ नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत साहित्य पुरस्कारांची आणि परीक्षकांची टर उडवणाऱ्या कादंबऱ्यांवर लेख आला होता. असं लेखन म्हणजे ‘ज्यांना मिळालं नाही त्यांची मळमळ’, असा त्याचा सूर. ते वाचून मला राहवलं नाही.

लेखात एडवर्ड सेंट ऑबिन या इंग्रज लेखकाचं उदाहरण आहे. २००६ मध्ये त्यांची कादंबरी बुकर या इंग्रजी कादंबऱ्यांच्या पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती, ते हुकलं आणि २०१४ मध्ये त्यांची ‘लॉस्ट फॉर वर्ड्स’ आली, हे खरंच आहे. पण ती मी वाचली आहे. तिच्यात एका भारतीय संस्थानिक घराण्यातल्या बाईंचं पाककृतींचं पुस्तक प्रकाशकाकडच्या घोटाळ्यामुळे कादंबरी म्हणून स्पर्धेत जातं आणि परीक्षक त्यात नवा प्रयोग शोधून काढतात. इतकी अतिशयोक्ती कशाला, असं पुरवणीतला लेख लिहिणारे महाशय विचारतात. मला ती अतिशयोक्ती वाटली नाही, कारण आमच्या घरात जवळपास तेच घडलं आहे.

माझ्या मावशीने साठी उलटल्यावर स्वखर्चाने कथासंग्रह छापला. कुणीतरी सांगितलं म्हणून एका स्पर्धेला पाठवला. नियमाप्रमाणे एकच प्रत मागवली होती, तीच तिन्ही परीक्षकांकडे फिरली. संग्रहाला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं. शाल, श्रीफळ, पाकीट, सगळं झालं. एका परीक्षकांनी भाषणात सांगितलं की शेवटची कथा तर या संग्रहाचा कळस आहे. मावशीचे डोळे भरून आले. त्या कथेवर तिने चार वर्षं घालवली होती.

तिच्याकडे मोजक्याच प्रती उरल्या होत्या, म्हणून तिने ती प्रत परत मागून घेतली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चहा पिता पिता मी ती चाळायला घेतली. पान १२८ पर्यंत सगळं ठीक. त्यापुढे १२९ यायला हवं, तर तिथे पुन्हा पान १७. बाइंडरने शेवटच्या फर्म्याच्या, म्हणजे एकत्र शिवलेल्या सोळा पानांच्या जुडीच्या जागी दुसराच फर्मा शिवला होता. सोळा पानं दोनदा आली होती आणि शेवटची कथा त्या प्रतीत नव्हतीच! मावशीने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पान १२८ आणि १७ मध्ये बोट घालून बराच वेळ बसून राहिली. मग एवढंच म्हणाली, “अगं, म्हणजे कुणीच वाचलं नाही.” त्यानंतर तिने कुठेही पुस्तक पाठवलं नाही. लक्षात घ्या, माझ्या मावशीला पारितोषिक मिळालं होतं. मग ही मळमळ कुणाची म्हणायची?

परीक्षकांवर मी सरसकट चिडलेली नाही. एकदा मी स्वतः कथास्पर्धेची परीक्षक होते. बासष्ट कथा आणि हातात आठ दिवस. नोकरी, स्वयंपाक सांभाळून तिसाव्या कथेनंतर मीही पहिलं पान आणि शेवटचं पान यांवर निभावायला लागले. त्यातली विहिरीवरची एक कथा मी अशीच बाजूला ठेवली, ती आजही मनाला टोचते. एक दिवस जादा मागायला हवा होता. मागितला नाही, कारण मागितला तर पुन्हा बोलावणार नाहीत अशी भीती वाटली. खोटेपणा सुरू होतो तो असल्या लहानशा भीतीतून, आणि चांगला विनोदी लेखक नेमकं तेच पकडतो.

मराठीत ही धमक आहे. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये कवींना सोडलं नाही. चिं. वि. जोशी तर आपल्याच बडोद्यात पालीचे प्राध्यापक होते आणि त्यांचा चिमणराव वाचून घरोघरची माणसं स्वतःलाच हसली. निर्णयाच्या खुर्चीत बसलेल्यांवर अशी सणसणीत कादंबरी मात्र मराठीत माझ्या वाचनात नाही. ती कुणीतरी बडोद्यात बसून लिहावी असं मला मनापासून वाटतं. विषय शोधायला रावपुऱ्याच्या बाहेरही जावं लागणार नाही.

तोवर आपल्याला एक विनंती. साहित्य अकादमी पुरस्कारांबरोबर प्रत्येक भाषेच्या तीन परीक्षकांची नावंही जाहीर करते. आपल्याकडे गावोगावच्या स्पर्धांचे निकाल छापायला येतात, त्यात विजेत्यांची आणि पाहुण्यांची नावं असतात, परीक्षकांची बहुधा नसतात. ती नावं आणि प्रत्येक पुस्तकाबद्दल परीक्षकांनी लिहिलेल्या चार ओळी आल्याशिवाय निकाल छापू नका. मावशीची ती प्रत मी जपून ठेवली आहे. आपल्या कचेरीत आणून दाखवायची माझी तयारी आहे.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे