गाडीशिवाय जगता येतं का, आधी ते बघा

संपादक महोदय,
नवीन शहरात जायचं म्हटलं की लोक घर बघतात, पगार बघतात, पण गाडी नसेल तर तिथे आपलं काय होईल हे कुणी विचारतच नाही. माझ्या मते तोच पहिला प्रश्न, कारण औषध आणायलाही गाडी काढावी लागत असेल तर शाळेतली पोरं, म्हातारी माणसं, ज्यांना नीट दिसत नाही ते, सगळे कायम दुसऱ्याच्या भरवशावर, आणि हे मला फार वाईट वाटतं. रस्ते रुंद केले की ट्रॅफिकचा प्रश्न सुटेल म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग बघावा, 2008 पर्यंत काही ठिकाणी 26 लेनचा केला तरी काही वर्षांत ट्रॅफिक परत तुंबलंच. दक्षिण कोरियाच्या राजधानीने, सोलने, उलट शहरातला उन्नत महामार्ग पाडून 2005 मध्ये खालचा ओढा मोकळा केला. घर ठरवण्याआधी एक दिवस तिथे पायी आणि बसने फिरून बघा, रात्री उशिरा परत यायला बस मिळते का तेही.

- एक वाचक